सिम्फनी वाद्यवृंदाचे व्यवस्थापन : वादकाच्या वर्षाचा प्रश्न

प्रास्ताविक

मराठवाड्यात 'ऑर्केस्ट्रा' हा शब्द उच्चारला की उत्सवाच्या मांडवातील चित्रपटगीतांचा कार्यक्रम डोळ्यांसमोर येतो. पाश्चात्त्य अभिजात संगीतातील सिम्फनी वाद्यवृंद ही त्याहून वेगळी संस्था आहे. व्हायोलिनच्या कुळातील तंतुवाद्ये, लाकडी व धातूची फुंकवाद्ये आणि तालवाद्ये वाजविणारे ऐंशी ते शंभर प्रशिक्षित वादक एका संचालकाच्या हाताखाली लिखित स्वरलिपीबरहुकूम वादन करतात. या संस्थेचे सांगीतिक वैभव जेवढे मोठे, तेवढीच तिची आर्थिक दुरवस्था जुनी आहे. गेल्या काही दशकांत जगातील अनेक नामवंत वाद्यवृंदांनी तूट, संप, टाळेबंदी आणि दिवाळखोरी अनुभवली. भारतात मुंबई येथे २००६ मध्ये 'सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया' स्थापन झाल्यानंतर हा प्रश्न महाराष्ट्राच्याही दाराशी आला.

या दुरवस्थेची मीमांसा करताना सामान्यतः व्यवस्थापनाच्या उणिवांकडे बोट दाखविले जाते. जाहिरात अपुरी पडली, प्रेक्षक वृद्ध झाला, तिकिटाचे दर चुकले, संचालक मंडळ झोपी गेले, अशी कारणे दिली जातात. या प्रत्येक कारणात तथ्यांश आहे. परंतु मूळ प्रश्न त्यामुळे झाकला जातो. तिकीट विकले जाते ते एका संध्याकाळचे आणि वादक जगवावा लागतो तो वर्षभर. या दोहोंतील अंतर कोण भरून काढतो आणि कोणत्या अटींवर, हा वाद्यवृंदाच्या व्यवस्थापनाचा खरा प्रश्न आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. हा प्रश्न केवळ पाश्चात्त्य संगीतापुरता नाही. तुळजापूरच्या गोंधळापासून गंधर्व नाटक मंडळीपर्यंत मराठी समाजाने तो वेगवेगळ्या रीतींनी हाताळला आहे. त्या अनुभवाच्या प्रकाशात मुंबईतील प्रयोगाची चिकित्सा येथे केली आहे.

खर्चाचा स्वभाव

विल्यम बॉमॉल आणि विल्यम बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये प्रयोगकलांच्या अर्थव्यवहाराचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, तो या विषयाचा पाया मानला जातो. त्यांच्या विवेचनाचा गाभा सोपा आहे. कारखान्यात यंत्र सुधारले की एका कामगारामागे होणारे उत्पादन वाढते. वेतन वाढले तरी नगामागचा खर्च त्या प्रमाणात वाढत नाही. संगीतात मात्र तसे घडत नाही.

हा सिद्धांत समजून घेण्यासाठी तुळजापूरहून फार दूर जाण्याची गरज नाही. सोलापुरात हातमागाच्या जागी यंत्रमाग आला, तेव्हा एका विणकराच्या हातून दिवसाला निघणारे कापड कित्येक पटींनी वाढले. याउलट बीथोवनची पाचवी सिम्फनी १८०८ मध्ये व्हिएन्नात प्रथम वाजली, तेव्हा तिला जेवढे वादक आणि जेवढा वेळ लागला, त्याहून कमी माणसांत किंवा निम्म्या वेळात ती आजही वाजविता येत नाही. वादकाला मात्र आजच्या बाजारभावाने धान्य घ्यावे लागते आणि आजच्या दराने घरभाडे द्यावे लागते. म्हणून इतर क्षेत्रांतील वेतन जसजसे वाढते तसतसा संगीताचा खर्च उत्पन्नाच्या पुढे धावू लागतो. अर्थशास्त्रात यालाच 'खर्चाचा आजार' म्हटले गेले.

या निदानातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, वाद्यवृंदाची तूट हा अपघात नसून त्याच्या रचनेचा भाग आहे; कार्यक्षम व्यवस्थापन ती कमी करू शकते, नाहीशी करू शकत नाही. दुसरा निष्कर्ष सहसा दुर्लक्षिला जातो. ज्या उत्पादनवाढीमुळे संगीत तुलनेने महाग होते, त्याच उत्पादनवाढीमुळे समाज अधिक श्रीमंतही होतो. बॉमॉल यांनी पुढे स्वतःच या मुद्द्यावर भर दिला. तेव्हा 'परवडत नाही' हे विधान बहुधा आर्थिक वस्तुस्थितीपेक्षा सामाजिक अग्रक्रम सांगणारे असते.

अमेरिका आणि युरोप : दोन मार्ग

अमेरिकेने ही तूट भरून काढण्यासाठी मुख्यतः खाजगी दानाचा मार्ग स्वीकारला. १९६६ मध्ये फोर्ड फाउंडेशनने ६१ वाद्यवृंदांना सुमारे ८ कोटी डॉलरचे साहाय्य जाहीर केले. वादकांचे उत्पन्न वाढावे, हंगाम लांबावा आणि संस्थांजवळ कायम निधी उभा राहावा, हा त्यामागील हेतू होता. हंगाम लांबले, मोठ्या वाद्यवृंदांतील वादकांना बारमाही वेतन मिळू लागले आणि संगीत हा पूर्णवेळ व्यवसाय झाला. पण त्याबरोबर स्थिर खर्चही कायमचा वाढला. दान आणि गुंतवणुकीवरील व्याज आटले की संकट ठरलेले. २००८ च्या मंदीनंतर नेमके हेच घडले. होनोलुलूचा वाद्यवृंद विसर्जित झाला, डेट्रॉइटमध्ये २०१० ते २०११ असा सहा महिने संप चालला आणि फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रासारख्या कीर्तिमान संस्थेने एप्रिल २०११ मध्ये दिवाळखोरीपासून संरक्षण मागितले.

मिनेसोटा ऑर्केस्ट्राचे उदाहरण याहून बोलके आहे. ऑक्टोबर २०१२ पासून जानेवारी २०१४ पर्यंत तेथील वादकांवर टाळेबंदी लादली गेली. वेतनात मोठी कपात स्वीकारावी, ही व्यवस्थापनाची मागणी होती. याच काळात वाद्यवृंदाच्या सभागृहाचे सुमारे ५ कोटी डॉलर खर्चून नूतनीकरण झाले. सभागृह सजले आणि वाजविणारे दाराबाहेर राहिले. इमारतीसाठी दान मिळविणे सोपे असते, कारण इमारतीवर नाव कोरता येते. दुसऱ्या रांगेतील व्हायोला वादकाच्या मासिक वेतनावर नाव कोरता येत नाही. देवळाला कळस अर्पण करणारा भाविक सापडतो. चौघडा वाजविणाऱ्याच्या बारमाही वेतनाची जबाबदारी घेणारा क्वचितच सापडतो. दानाची ही प्रवृत्ती दोन्हीकडे सारखीच आहे.

रॉबर्ट फ्लॅनगन यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिकन वाद्यवृंदांच्या अभ्यासात याहून कठोर निष्कर्ष काढला. प्रत्येक प्रयोगाचे प्रत्येक आसन विकले गेले, तरी बहुसंख्य वाद्यवृंदांची तूट शिल्लकच राहील, असे त्यांनी दाखवून दिले. जाहिरात आणि प्रेक्षकवृद्धी हाच उपाय मानणाऱ्यांनी या निष्कर्षाचा गांभीर्याने विचार करावयास हवा.

युरोपात, विशेषतः जर्मनीत, हा भार प्रामुख्याने शासन व नगरपालिका उचलतात. तेथे सार्वजनिक निधीवर चालणारे सुमारे १३० वाद्यवृंद आहेत. भारतातही हा मार्ग अपरिचित नाही. १९५२ मध्ये दिल्लीत आकाशवाणीचा वाद्यवृंद उभा राहिला आणि पंडित रविशंकर यांनी त्यासाठी रचना केल्या. त्यातील वादकांना नभोवाणीची नोकरी होती, म्हणूनच भारतीय वाद्यांच्या समूहवादनाचा प्रयोग सातत्याने करता आला.

मराठी अनुभव : धर्म, तिकीट आणि चित्रपट

सामूहिक संगीताचा खर्च कोणी उचलावा, याचे मराठी समाजातील सर्वांत जुने उत्तर धार्मिक कर्तव्याचे आहे. तुळजाभवानी ही ज्यांची कुलदेवता आहे, अशा असंख्य घरांत लग्नकार्यानंतर गोंधळ घालण्याची रीत आहे. संबळ, तुणतुणे, झांज आणि दिवटी घेऊन येणारा चार-पाच जणांचा मेळ रात्रभर देवीचे आख्यान लावतो. यजमान बिदागी देतो ती श्रवणसुखाचे मोल म्हणून नव्हे, तर कुलधर्म म्हणून. त्यामुळे मागणी रसिकतेवर अवलंबून राहत नाही. नवरात्रोत्सवाच्या व्यवस्थेतही हेच तत्त्व दिसते. विजयादशमीच्या सीमोल्लंघनासाठी बुऱ्हाणनगरहून पालखी आणि घोडेगावहून पलंग तुळजापुरात येतो. तो वाहून आणण्याची जबाबदारी विशिष्ट घराण्यांकडे 'मान' म्हणून परंपरेने चालत आली आहे. खर्च आणि कष्ट यांची भरपाई प्रतिष्ठेने करणारी ही व्यवस्था आहे.

या व्यवस्थेचा गौरव करताना तिच्या मर्यादा विसरता येणार नाहीत. ती जन्माधिष्ठित आहे. कोणी वाजवावे हे गुणवत्तेपेक्षा कुळ ठरविते आणि बिदागी वाढवून मागण्याची वादकाची ताकद मर्यादित राहते. शिवाय ती लहान मेळालाच पेलते. चार-पाच जणांचे मानधन एक घर देऊ शकते. ऐंशी जणांचे देऊ शकत नाही. तथापि एक गोष्ट तिने नेमकी ओळखली होती. कला टिकवायची असेल तर तिची मागणी एका संध्याकाळच्या मर्जीवर सोडून चालत नाही.

दुसरे उत्तर तिकिटाचे. बालगंधर्व, गणेश गोविंद बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. नटसंच आणि वादक यांचे वेतन, मुक्काम, जेवणखाण, प्रवास, वेषभूषा आणि नेपथ्य हा सारा डोलारा तिकीटविक्रीवर उभा होता. अहमदजान थिरकवाँसारखा थोर तबलावादक आणि सारंगीवादक कादरबक्ष या मंडळीच्या साथीला होते. लोकप्रियतेच्या शिखरावर असतानाच मंडळी कर्जात बुडाली. मराठी नाट्येतिहासात याचे खापर बहुधा बालगंधर्वांच्या उधळपट्टीवर फोडले जाते. अत्तरे आणि उंची शालूंच्या कथा खऱ्या असतीलही, पण त्या पुरेसे स्पष्टीकरण देत नाहीत. बारमाही पगारी माणसे बाळगणाऱ्या संस्थेला प्रयोग नसलेल्या दिवसांचाही खर्च असतो; तिकिटाला तो दिसत नाही. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी केलेला 'संयुक्त मानापमान'चा प्रयोग अपूर्व यशस्वी झाला. परंतु एखादी अपूर्व संध्याकाळ संस्थेचे वर्ष तारू शकत नाही. १९३२ मध्ये मराठी बोलपट आला आणि थोड्याच वर्षांत, १९३५ च्या 'धर्मात्मा' चित्रपटात, बालगंधर्वच पडद्यावर दिसले. एकदा चित्रित झालेला प्रयोग शंभर गावी दाखविणाऱ्या यंत्राशी रोज नव्याने उभी राहणारी रंगभूमी दराची स्पर्धा करू शकत नव्हती.

तिसरे उत्तर याच यंत्राने दिले. गोव्यातील चर्चला जोडलेल्या पॅरिश शाळांतून स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकून आलेले वादक विसाव्या शतकात मुंबईत स्थिरावले. चित्रपटसृष्टीने त्यांना काम दिले. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा यांच्यासारख्या वादक-संयोजकांनी हिंदी चित्रपटगीतांना भरदार वाद्यमेळ दिला. मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांत तंतुवाद्यांचा एवढा मोठा ताफा रोज जमत असे की, शहरात नावाने नसला तरी प्रत्यक्षात एक वाद्यवृंद अस्तित्वात होता. गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये याच वादकांच्या बळावर भारतीय संगीताच्या सिम्फनी वाद्यवृंदाचा प्रयोग केला. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. हा प्रयोग फार काळ चालला नाही, पण तो शक्य झाला याचे कारण महत्त्वाचे आहे. वादकांचे पोट चित्रपट भरीत होता. सिंथेसायझर आणि अनेक पट्ट्यांवरील ध्वनिमुद्रण रूढ झाल्यावर १९८० व १९९० च्या दशकांत हे काम ओसरले आणि त्याबरोबर पुढच्या पिढीने व्हायोलिन हाती घेण्याचे व्यावहारिक कारणही नाहीसे झाले.

मुंबईतील प्रयोग

सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया हा या पार्श्वभूमीवर पाहावा लागतो. मुंबईत त्यापूर्वीही प्रयत्न झाले होते. मेहली मेहता यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा स्थापन केला. त्यांचे पुत्र झुबीन मेहता पुढे लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्क येथील वाद्यवृंदांचे संगीत दिग्दर्शक झाले. मेहली स्वतः १९५५ मध्ये मँचेस्टरच्या हॅले वाद्यवृंदात दाखल झाले. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे चेंबर ऑर्केस्ट्राने ही परंपरा मुख्यतः हौशी वादकांच्या बळावर जपली. पिता-पुत्रांचे परदेशगमन हा वैयक्तिक उत्कर्षाचा इतिहास आहेच. पण पूर्णवेळ वादकाचे वर्ष सांभाळणारी संस्था मुंबईत नव्हती, हेही त्यातून दिसते.

जमशेद भाभा यांनी १९६९ मध्ये स्थापन केलेल्या राष्ट्रीय प्रयोगकला केंद्राने ही उणीव भरून काढण्याचे ठरविले. केंद्राचे अध्यक्ष खुशरू सनटूक आणि कझाक व्हायोलिनवादक मारात बिसेंगालियेव यांच्या पुढाकाराने २००६ मध्ये व्यावसायिक वाद्यवृंद उभा राहिला. निवासी वादकांचा लहान गाभा आणि हंगामांपुरते परदेशातून येणारे वादक, अशी त्याची रचना ठेवण्यात आली. तिचे फळ नाकारता येणार नाही. एरवी ध्वनिमुद्रिकांतूनच ऐकता येणाऱ्या मोठ्या रचना मुंबईकरांना प्रत्यक्ष ऐकावयास मिळाल्या. उस्ताद झाकीर हुसेन यांचा 'पेशकार' हा तबला आणि वाद्यवृंदासाठीचा कन्सर्टो या संस्थेने रचवून घेतला आणि २०१५ मध्ये सादर केला. २०१६ मध्ये स्वित्झर्लंड आणि २०१९ मध्ये ब्रिटन असे दौरे झाले.

मात्र व्यवस्थापनाच्या दृष्टीने पाहता या रचनेने वादकाच्या वर्षाचा प्रश्न सोडविला नाही. तो देशाबाहेर ठेवला. पाहुणा वादक हंगामापुरते मानधन घेतो आणि त्याचे उरलेले वर्ष त्याच्या देशातील वाद्यवृंद, संगीतशाळा वा शासन सांभाळते. म्हणजे मुंबईची संध्याकाळ दुसऱ्या समाजाने केलेल्या दीर्घ गुंतवणुकीवर उभी राहते. आर्थिकदृष्ट्या हा शहाणपणाचा मार्ग आहे. पण त्यातून स्थानिक पातळीवर ओबो, बसून किंवा फ्रेंच हॉर्न वाजविणारा वर्ग आपोआप निर्माण होत नाही, कारण या वाद्यांवर आयुष्य काढता येईल याची हमी कोणी देत नाही.

साधा हिशेब मांडला तरी अडचण ध्यानी येते. जमशेद भाभा नाट्यगृहाची आसनक्षमता अकराशेच्या आसपास आहे. रंगमंचावर नव्वद वादक असतील तर प्रत्येक वादकामागे साधारण बारा श्रोते येतात. बारा तिकिटांच्या उत्पन्नातून एका वादकाची तालीम, निवास, प्रवास आणि मानधन भागवावयाचे, शिवाय सभागृहाचा खर्चही काढावयाचा. तिकीट कितीही महाग केले तरी हे गणित सुटत नाही. आणि ते अतिमहाग केले तर श्रोतृवर्ग आणखी आक्रसतो. त्यामुळे देणगीदार आणि प्रायोजक अपरिहार्य ठरतात. अशा स्थितीत वाद्यवृंदाचे भवितव्य काही व्यक्तींच्या आस्थेशी बांधले जाते. आस्था हा संस्थेचा आरंभ असू शकतो; वारसाहक्काने ती पुढे जाईलच असे नाही.

मूल्यमापनाचा निकष

वरील विवेचनावरून एक निकष सुचविता येतो. वाद्यवृंदाचे यश किती आसने विकली गेली, किती दौरे झाले किंवा कोणता ख्यातनाम संचालक पाहुणा म्हणून आला, यावरून मोजण्यापेक्षा त्या संस्थेमुळे किती वादकांना वर्षभर वादक म्हणून जगता आले, यावरून मोजावे. या निकषावर गंधर्व नाटक मंडळी, चित्रपटांचे वाद्यमेळ आणि आकाशवाणीचा वाद्यवृंद यांचे स्थान आजवरच्या समजुतीपेक्षा उंच ठरते.

याच निकषाने पाहता, सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाच्या कार्यातील सर्वांत महत्त्वाची घटना परदेश दौरा नसून २०१२ मध्ये सुरू झालेली संगीत अकादमी होय. लहान वयापासून वाद्य, स्वरलिपी आणि समूहवादन यांचे नियमित शिक्षण तेथे दिले जाते. मात्र येथेही एक आक्षेप संभवतो. शिक्षण मिळाले, पण मोठेपणी त्याला नोकरी नसेल, तर गुणवान विद्यार्थी मेहतांप्रमाणे परदेशीच जाईल. अकादमी आणि निवासी गाभा एकमेकांच्या प्रमाणात वाढविणे हे म्हणून पुढील काळातील खरे व्यवस्थापकीय आव्हान आहे.

यासाठी साधने पूर्णतः अनुपलब्ध आहेत असे नाही. २०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम १३५ नुसार ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक दायित्वापोटी खर्च करावे लागतात आणि परिशिष्ट सातमध्ये कला व संस्कृतीचा समावेश आहे. परंतु हा निधी बहुधा वर्षागणिक आणि प्रकल्पनिहाय दिला जातो. वादकाची कारकीर्द मात्र तीस वर्षांची असते. वार्षिक प्रकल्पाच्या चौकटीत तीस वर्षांची जबाबदारी बसविण्यासाठी कायम निधीची उभारणी करावी लागेल. तो निधी इमारतीकडे वळविता येणार नाही, अशी अटही घालावी लागेल. शासनाचा सहभाग असावा की नसावा, हा वाद त्यानंतरचा. महाराष्ट्रात संबळ, सनई, सुंद्री वाजविणाऱ्यांचे वर्ष सांभाळण्याची व्यवस्था अपुरी असताना सिम्फनीसाठी सार्वजनिक निधी मागणे न्याय्य ठरेल काय, असा प्रश्न विचारला जाईल आणि तो रास्त आहे. त्याचे उत्तर एका वाद्याला दुसऱ्याविरुद्ध उभे करून मिळणार नाही. दोन्हीकडे तूट एकाच कारणाने निर्माण होते. म्हणून धोरणही 'वादक' या घटकाला केंद्रस्थानी ठेवूनच आखावे लागेल.

समारोप

सिम्फनी वाद्यवृंदाची आर्थिक अडचण ही गैरव्यवस्थापनाची शिक्षा नसून जिवंत, सामूहिक आणि श्रमप्रधान कलेची प्रकृती आहे. तिकीट तिला पुरे पडत नाही, हे गंधर्व नाटक मंडळीने दाखविले. बाजार तिला काही काळ पोसतो आणि यंत्र स्वस्त झाले की सोडून देतो, हे चित्रपटसृष्टीने दाखविले. दान उदार असले तरी चंचल असते, हे अमेरिकेने दाखविले. गोंधळाच्या परंपरेने मागणीला सातत्य दिले, पण त्याची किंमत जन्माधिष्ठित विभागणीने वसूल केली. त्या परंपरेतील सातत्य घ्यावे आणि तिची सक्ती टाकावी, असे संस्थारूप घडविणे हे अवघड काम आहे. मुंबईतील वाद्यवृंदाने संध्याकाळी कशा भरावयाच्या हे सिद्ध केले आहे. त्या संध्याकाळींमागील वर्ष येथल्याच वादकाच्या वाट्याला येते किंवा नाही, यावर त्याचे ऐतिहासिक मूल्यमापन अवलंबून राहील.